आणखी अर्धा आटा

दारव्ह्याच्या आमच्या घरात माणसं तीन आणि चौथा कूलर. आमच्यापैकी कोणाचं काही चुकलं तर बोलणी बसत, कूलरला मात्र कोणी कधी टाकून बोललं नाही. तो बाबांनी स्वतः उभा केला होता. पत्रा एका ठिकाणचा, मोटर दुसऱ्या ठिकाणची, पंखा तिसऱ्याच कोणाच्या मोडीतला आणि खालचा स्टँड आमच्या जुन्या शिलाई मशीनचा. फाल्गुन संपता संपता बाबा त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलायचे, टाकीला आतून डांबर लावायचे, मोटरला तेल द्यायचे आणि मग आम्हा मायलेकींना समोर उभं करून बटण दाबायचे. वाळ्याचा ओला वास खोलीभर झाला की आई म्हणायची, "झालं, लागला उन्हाळा एकदाचा." तिथून पुढे मृगापर्यंत घरातलं सगळं बोलणं ओरडून चालायचं, कारण कूलरचा आवाज पिठाच्या गिरणीएवढा होता. आमची गुपितं गल्लीला आमच्याआधी कळायची ती त्याच्याच कृपेने.

आत्मचरित्र म्हातारपणी लिहावं असा संकेत आहे. मी अजून तिशीच्या अलीकडे आहे, डोक्यातले पांढरे केस मोजता येतात, आणि यवतमाळच्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. पण ज्या फोनबद्दल मी लिहिणार आहे तसला फोन परवा वर्गात दाखवला तेव्हा पोरं तो उत्खननात सापडल्यासारखी बघत होती. तेव्हा मला म्हातारी समजायला हरकत नाही.

ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी मी बारावीची परीक्षा दिली आणि बाबांचा आवाज गेला. गेला म्हणजे बसला नव्हे, कायमचा गेला. बाबा पाटबंधारे खात्याच्या भांडारात कारकून होते. आयुष्यभर खर्रा खाल्ला. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोटत बसणं हे व्यसनात धरत नाहीत, तो ऑफिसच्या कामाचाच भाग समजतात. घशात गाठ निघाली, नागपूरला ऑपरेशन झालं, आणि गाठीबरोबर डॉक्टरांनी स्वरयंत्रही काढलं. बाबा वाचले. गळ्याला एक भोक राहिलं, त्यातून ते श्वास घेत आणि त्यावर पांढरा रुमाल बांधत. कुजबुजणंसुद्धा संपलं होतं.

मग बाबा लिहायला लागले. दीर्घ रजेवर घरी आले त्याच दिवशी त्यांनी जुन्या कॅलेंडरांचे कागद एका मापात कापून गठ्ठा केला, आणि वापरलेली चिठ्ठी टोचून ठेवायची ऑफिसातली उभी तार पाटाशेजारी मांडली. आईला मिळालेली पहिली चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. "विषय : वरणात मीठ कमी असल्याबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की आजच्या वरणात मीठ कमी आढळून आले आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी." आईनं ती तीनदा वाचली. वीस-बावीस वर्षांच्या संसारात वरण अळणी झालं की बाबा म्हणायचे, "काय वो, मीठ महाग झालं काय?" आणि आई म्हणायची, "वरून घ्या." आता कार्यवाही करायची म्हणजे नेमकं काय, हे तिला कळेना.

बाबांच्या तोंडात वऱ्हाडी होती आणि हातात सरकारी. नोकरीभर त्यांनी बोलण्यातलं कधी लिहिलं नाही आणि लिहिण्यातलं कधी बोलले नाहीत. तोंड बंद पडल्यावर घरात उरला तो एकटा सरकारी माणूस. तो आईला "आपण" म्हणायचा, मला "कु." लावायचा, आणि चहा हवा असला तरी विषय लिहायचा. आईला बोलवायला दोन टाळ्या, मला एक, आणि अगदीच तातडीचं असलं तर पेन स्टीलच्या पेल्यावर आपटायचं. गिळायला त्रास होई म्हणून आई त्यांना मऊ गोळाभात, फोडणीचं ताक, कढी असं द्यायची. आम्ही दोघी किसलेल्या कैरीचा तिखट टक्कू खायला बसलो की पेला वाजलाच. "विषय : टक्कू." त्याखाली मजकूर काहीच नसे. आई त्यांच्या ताटात टक्कूचा नुसता खार वाढायची आणि डोळे पुसायला आत जायची, म्हणायची मिरची झोंबली.

आता फोनकडे येते. फोन आईचा. त्यात आलेला-गेलेला प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होण्याची सोय मीच करून दिली होती, आणि ती बाबांच्या हुकुमावरून. ऑफिसातून ते फोन करून भाजी सांगायचे, आई बाजारातून भलतीच आणायची आणि वर म्हणायची, "तुमी मेथीच म्हटलं होतं." बाबांना पुरावा हवा होता. "रेकॉर्ड पायजे, रेकॉर्ड," ते म्हणाले होते. पुरावा एकदाही तपासला गेला नाही, पण दीड वर्षाचं बोलणं त्या फोनमध्ये साचलं. ऑपरेशननंतर कधीतरी आमच्या लक्षात आलं की आईविरुद्ध जमवलेल्या या पुराव्याखेरीज जगात बाबांचा आवाज कुठेच उरलेला नाही. लग्नाचा व्हिडिओ होता, पण त्यात फक्त बँड ऐकू येतो.

त्यातला एक कॉल आईचा खास होता. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळचा. माझा पेपर होता म्हणून आई एका दिवसासाठी नागपूरहून दारव्ह्याला आली होती, आणि बाबांनी दवाखान्यातून फोन केला होता. तेच त्यांचं आईशी झालेलं शेवटचं बोलणं, कारण सकाळी ती पोचेपर्यंत त्यांना आत नेलं होतं. त्या कॉलबद्दल आई मारेगावच्या मावशीला सांगायची, "इतकं बोलले बाई, इतकं बोलले, जलमात तेवढं बोलले नसतीन." काय बोलले ते सांगायची नाही. तिनं तो कॉल पुन्हा कधी लावलाही नव्हता. तो फोनमध्ये आहे, एवढं तिला पुरत होतं. मला वाटतं घरातले दागिनेही ती अशीच न घालता सांभाळायची.

आणि मे महिन्यात तिनंच तो फोन बुडवला. वऱ्हाडातल्या मे महिन्यात फोन हातात धरवत नाही इतका तापतो. सगळ्यांची तगमग जिथे थांबते तिथेच फोनचीही थांबेल असा साधा विचार करून आई दुपारचा फोन कूलरच्या जाळीत टेकवून ठेवायची. आमच्या गल्लीत चार घरी तरी फोनांना हा उपचार चालू होता. एका दुपारी ताटीतून पाण्याचा शिंतोडा जास्त आला की मोटरनं उलटी केली देव जाणे, फोन ओला चिंब झाला. पुसला, तांदळाच्या डब्यात ठेवला, उन्हात ठेवला. दोन दिवस चालला, मग चार्ज होईना, मग बंद पडला. चौकातल्या दुकानदारानं उघडून न बघताच सांगितलं, "फॉर्मॅट माराव लागन. आतलं जाईन सारं." आईनं त्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि रिक्षाची वाटही न पाहता उन्हात तशीच घरी चालत आली.

बाबांनी लगेच लिहिलं : "सदर यंत्राची दुरुस्ती घरी करण्यात यावी." ज्या माणसानं शून्यातून कूलर उभा केला त्याला फोन काय जड होता! मला विज्ञानात मार्क बरे पडायचे, बोटं बारीक होती, आणि बाबांचा फोन माझ्याकडे आला होता, कारण "न बोलणाऱ्या माणसास फोनचे प्रयोजन नाही" असं त्यांनीच लिहून दिलं होतं. त्याच फोनवर मी व्हिडिओ पाहिले. चार्जिंगच्या पट्टीत पाणी गेलं की ती सडते, ती बदलायची आणि बोर्ड साफ करायचा, असं कळलं. पट्टी मागवली, ती आठवड्यानं आली. फोनची पाठ चिकटवलेली असते, ती हेअर ड्रायरनं तापवून सोडवा असं व्हिडिओतला मुलगा सांगत होता. दारव्ह्याला मे महिन्यात हेअर ड्रायर लागत नाही. मी फोन गच्चीच्या कठड्यावर पाच मिनिटं ठेवला आणि पाठ सुटली.

आत पांढरा थर होता, टाकीच्या काठाला बसतो तसाच, आणि पट्टीच्या टोकाशी हिरवी बुरशी चढल्यासारखं झालं होतं. बाबांच्या गळ्याच्या ड्रेसिंगचं स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन मी बोर्ड घासला. बाबा भिंग धरून बसले होते. कूलर बंद केला होता, कारण त्याच्या वाऱ्यानं स्क्रू उडाले असते. घामानं माझे हात निसटत होते. आई मागे परातीत वाळलेल्या कुरडया भरत होती आणि दर पाच मिनिटांनी विचारायची, "दिसून राह्यलं का काही?"

व्हिडिओतल्या मुलानं एक गोष्ट तीनदा बजावली होती. स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीला वेगळे असतात, म्हणून कागदावर फोनचं चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून काढला तिथेच ठेवा. मी बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चित्र काढलं, चिकटपट्टी लावली, एकेक स्क्रू त्याच्या जागी बसवला आणि हात धुवायला न्हाणीत गेले. परत आले तर पुठ्ठा कोरा. बाबांनी जुना मसाल्याचा डबा काढून त्याच्या वाट्यांमध्ये स्क्रूंची नीट वर्गवारी लावली होती. लांब स्क्रू हळदीच्या वाटीत, आखूड मोहरीच्या. प्रत्येक वाटीत चिठ्ठी : "लांब – ४", "आखूड – ९". भांडारात आयुष्य काढलेल्या माणसाला एका जातीचा माल सतरा ठिकाणी पसरलेला पाहवला नव्हता. ते माझ्याकडे अशा समाधानानं पाहत होते की मी कोरा पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला. (हे प्रकरण त्यांना वाचायला दिलं तेव्हा इथे समासात त्यांनी शेरा मारला : "आखूड स्क्रू नऊ नसून दहा होते. दुरुस्ती व्हावी." मला नऊच आठवतात. दोन्ही ठेवते.)

पण स्क्रू लावण्याआधीच फोन चालू झाला, हे सांगितलं पाहिजे. मी नवी पट्टी जोडली, बॅटरी जोडली, पाठ उघडीच ठेवून बटण दाबलं, आणि फोन हातात थरथरला. पडद्यावर उजेड आला. मग साठलेले मेसेज एकापाठोपाठ एक टुणटुणत आले, त्यात मारेगावच्या मावशीचे सुप्रभात चौदा. आई कुरडयांचे हात तसेच घेऊन धावली. "लाव ना बाई तो. एकदा लाव." मी रेकॉर्डिंगच्या यादीवर बोट नेणार एवढ्यात पेला वाजला. "प्रथम यंत्र पूर्ववत बंद करण्यात यावे. उघड्या अवस्थेत वापर करू नये."

"एकदा आयकू द्या ना, अवो," आई म्हणाली.

बाबांनी "करू नये" खाली दोन रेघा मारल्या.

मी तेव्हा मनात म्हटलं, हा कारकुनीचा कहर झाला. फोन चालू आहे, आवाज दोन बोटांवर आहे, आणि हे नियम सांगत आहेत. आता मला वाटतं तो नियम नव्हता, भीती होती. आपलाच आवाज बायको-मुलीसमोर ऐकायला लागणार, आणि ऐकून झाल्यावर काय करायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. पाठ बंद होईपर्यंतची दहा मिनिटं त्यांना हवी होती. पण मी सतरा वर्षांची होते, भयंकर चिडले होते, आणि चिडक्या हातानं मी फोन बंद करून स्क्रू लावायला घेतले.

कुठला स्क्रू कुठला, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. व्हिडिओत तो भाग अंधुक होता. मी अंदाजानं लावत गेले. बोर्डावरच्या पत्र्याच्या कोपऱ्यात एक स्क्रू बसवला, हळदीच्या वाटीतला. तो पूर्ण बसला नाही, डोकं जरासं वर राहिलं. ते मला दिसलं होतं. बोटाला कळलंही होतं की खाली काहीतरी टेकलं आहे, इथे आखूड स्क्रू हवा. काढून दुसरा लावायला अर्धा मिनिट लागलं असतं. पण त्यासाठी बाबांची वर्गवारी चुकली असं म्हणावं लागलं असतं, त्यावर चिठ्ठी आली असती, आणि मला त्या दुपारी आणखी एक चिठ्ठी नको होती. मी स्क्रूला आणखी अर्धा आटा दिला. कुरडई मोडावी तसा बारीकसा आवाज झाला. कट्.

पाठ बसवली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. चार्जर लावला. आई माझ्या खांद्यावरून पाहत होती, तिचा श्वास मानेला लागत होता. तासाभरानं तिनं विचारलं, "मंगाशी तं चालू होता ना?" मी म्हटलं, "हो." तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेन उघडलं आणि लिहिलं : "स्क्रूंची वर्गवारी मी केली. सबब जबाबदारी माझी." मी ती चिठ्ठी वाचली आणि गप्प बसले. मी हुशार मुलगी होते, तालुक्यात नाव होतं. हुशार मुलींना चूक कबूल करायचा सराव नसतो, आणि इथे तर कोणी विचारतही नव्हतं.

आई रागावली की भांडी आपटायची, ते आम्हाला अंगवळणी पडलं होतं. या वेळी तिनं एकही भांडं आपटलं नाही. तिनं बाबांच्या चिठ्ठ्या वाचणं बंद केलं. एवढंच. दोन टाळ्या वाजल्या की येई, चिठ्ठी घेई, न वाचता तारेला टोचून टाकी. चहा वेळेवर, ताक वेळेवर, ड्रेसिंग वेळेवर. पण बाबांनी लिहावं आणि ते तसंच तारेला लागावं. पहिल्या दिवशी त्यांनी लांब लांब चिठ्ठ्या लिहिल्या, त्यातली एक तर दोन पानी होती आणि तिला संदर्भ क्रमांक होता. दुसऱ्या दिवशी दोन-दोन ओळी. तिसऱ्या दिवशी नुसते विषय. मी एकटीच सगळ्या वाचत होते, चोरून, तारेवरून काढून. एकीवर फक्त "विषय : मी" असं होतं. पाचव्या दिवशी बाबांनी खिशातलं पेन बाहेरच काढलं नाही. कूलरसमोर बसून राहिले, आणि त्या गिरणीच्या आवाजात ते घरात आहेत की नाहीत तेही कळेना. त्या दिवशी मला खरी भीती वाटली. एक वाक्य बोलून मी हे थांबवू शकत होते, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हतं. आमच्या घरात स्वरयंत्र शाबूत असलेली माणसं तेव्हा दोन होती, आणि दोघी मुक्या.

वाक्य नाही निघालं, म्हणून मी दुसरं काहीतरी केलं. आठवडी बाजाराच्या मागच्या गल्लीत रुखसाना आपा होत्या. त्यांचे वडील घड्याळजी. घड्याळं बंद झाली तसा त्यांनी वडिलांच्याच टेबलावर मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करायचा धंदा धरला होता. जे दुकानदारांना जमत नसे ते गुपचूप त्यांच्याकडे जाई. मी आईला म्हटलं, चल. आई निघाली. दारात वळून पाहिलं तर बाबा रुमाल बांधून, चपला घालून मागे उभे होते.

आपांनी डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि फोन उघडला. पहिल्यांदा म्हणाल्या, "हे पिवळं काय हाये याच्यात?"

"हळद," मी म्हटलं.

"हळद?" त्यांनी भिंग काढून आम्हा तिघांकडे पाहिलं, पुन्हा लावलं. एकेक स्क्रू काढत गेल्या. कोपऱ्यातल्या स्क्रूशी थांबल्या. "हा लंबा स्क्रू इथं कोणं लावला? बोर्डाच्या अंदर घुसला ना हा. बारीक तारा असतात आत, एकावर एक. दोन तुटल्या." मग म्हणाल्या, "लावताना मालूम पडते हे. आवाज येते, कट् करून. कोणं लावला?"

मी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी बाबांनी पेन काढलं. चिठ्ठी लिहून पुढे केली. आपांच्या डोळ्याला भिंग होतं, त्यांनी ती आईकडे दिली. "वाचा ना काकू, मले या काचेतून नाई दिसत."

पाच दिवसांत आईनं पहिल्यांदा बाबांची चिठ्ठी वाचली. त्यावर विषय नव्हता, संदर्भ नव्हता. आई म्हणाली, "मी." मग तिलाच ते ऐकून कसंतरी झालं आणि ती म्हणाली, "यायनं लावला म्हणते. जाऊ द्या वो आता, चुकते माणूस."

मी तेव्हाही बोलले नाही. पुढच्या आयुष्यात मी बरीच भाषणं केली, शिक्षक दिनाला तर दरवर्षी करते, पण त्या मिनिटाची भरपाई अजून झालेली नाही.

"बोर्ड मेला नाई काकू, जखमी हाये," आपा म्हणाल्या. केसापेक्षा बारीक तांब्याची तार घेऊन त्यांनी तुटलेल्या दोन्ही तारांना बाहेरून जोड दिला. त्याला त्या जंपर म्हणत. दीड तास लागला. आई तसबीचे मणी ओढल्यासारखी बोटं मोजत बसली होती. शेवटी आपांनी बॅटरी जोडली आणि फोन थरथरला. "हा किती वेळ चालन सांगता येत नाई. पह्यले सारं कार्डात उतरवून घेतो." फायली उतरू लागल्या, यादी सरकत राहिली, प्रत्येकीवर तारीख आणि एकच नाव. सगळं उतरल्यावर आपांनी विचारलं, "कोणता लावू?" आईनं बोट ठेवलं. आपांनी आवाज मोठा केला आणि उठल्या. "मी चहा सांगून येतो," म्हणत पडदा ओढून बाहेर गेल्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

आधी खरखर. मग बाबा.

"हालो. आयकू येऊन राह्यलं का?"

"हो, बोला ना." ही आई.

"कूलरची मोटर पाहून घेजो. मांगच्या साली आवाज करत होती. टाकीत जास्तीचं पाणी नोको ठेवू, मच्छर होतात. अन् ताट्या त्या बजारातल्या पोट्ट्याकडून नोको घेऊ, तो ठगवते. मी आलो की पाहू." मग वाळा कुठला चांगला, डांबर कुठे ठेवलं आहे, मोटरला कुठलं तेल. माणूस उद्या गळा कापून घ्यायला निघाला होता आणि कूलरची सूचनापत्रिका वाचत होता. ज्या कूलरनं हा फोन बुडवला, त्याच्याबद्दल आमच्याकडे त्यांच्या आवाजात सविस्तर माहिती उपलब्ध होती. मग एकदम सगळं थांबलं. वॉर्डात कोणाची तरी ताटली पडल्याचा आवाज. बाबांचा श्वास, जड, बराच वेळ. मला वाटलं फाईल संपली.

"आयकून राह्यली ना?"

"हो."

"पोरीचा पेपर कसा गेला?"

"बरा गेला म्हणते."

"बरं. ठेव मंग. जेवून घेजो."

आईनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून विजयानं म्हणाली, "पाय. म्हटलं नव्हतं का मी? किती बोलले होते!" मी मान हलवली. बाबा भिंतीकडे पाहत बसले होते. हात खिशातल्या पेनावर गेला, पण पेन बाहेर आलं नाही. त्यांनी फोनकडे बोट केलं आणि हवेत एक वळसा घेतला. पुन्हा. आम्ही पुन्हा ऐकलं. चहा येऊन थंड झाला. फोन तिसऱ्या वेळी मध्येच बंद पडला आणि पुन्हा कधी उठला नाही, पण तोवर आवाज कार्डात आला होता.

घरी आल्यावर आईनं तारेवरच्या सगळ्या चिठ्ठ्या उतरवल्या आणि कुरडयांच्या परातीजवळ बसून एकेक वाचल्या. मध्येच ओरडून उत्तर द्यायची, "हे तुमी मंगळवारी म्हटलं, चहा गुळाचा पायजे म्हणून? मंग आता करून देतो!" आमचं घर पुन्हा गल्लीला ऐकू यायला लागलं.

माझं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅलेंडरचा एक कागद घेतला. तोंडानं बोलणं जमत नव्हतं, तेव्हा घरात जी भाषा लिहायची पद्धत होती तीच वापरली. "विषय : कोपऱ्यातील स्क्रूबाबत. सदर स्क्रू लांब आहे हे माझ्या लक्षात आले होते. तरीही मी तो आणखी अर्धा आटा फिरवला. जबाबदारी आपली नसून माझी आहे. आईस आपण कळवावे अथवा मी कळवीन." सही करून तो बाबांच्या हातात दिला आणि उभी राहिले. बाबा कूलरची मोटर उघडून बसले होते. हात पुसून त्यांनी चिठ्ठी वाचली, भिंग घेऊन पुन्हा वाचली. मग तिच्याच पाठीवर लिहू लागले. मला वाटलं, उपरोक्त विषयान्वये काहीतरी येणार, समज देण्यात येत आहे वगैरे. वेळ बराच लागला, एक-दोन शब्द खोडलेही. ते अक्षर बाबांचंच होतं, पण तसं काही त्यांनी आयुष्यात त्याआधी लिहिलं नव्हतं.

"मले मालूम हाये. कूलर बंद होता, आवाज मीबी आयकला. आईले नोको सांगू. जेवून घेजो."

सकाळचे नऊ वाजले होते, भाजी अजून चिरायची होती. मी आत गेले, ताट घेतलं आणि कालचा गोळाभात वाढून जेवायला बसले.